आधी उजेड, तोंड शेवटी

शिरोलीचा धनपाल चौगुले चित्रं बघायला लागला, तेव्हा सगळ्या गावानं त्याला खुळ्यात काढलं. का काढू नये? पन्नाशीला टेकलेला गडी, नदीकाठाला ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ, दावणीला देखणी जनावरं. आणि हा बाबा दर रविवारी धुवट पटका बांधून, गाडी जुंपून पंचगंगेचा पूल ओलांडायचा, ते कशासाठी? गूळ घालायला नाही, कुस्ती बघायला नाही. भिंतीवरची चित्रं बघायला! पारावरची माणसं हसून हसून पुरेवाट व्हायची. हसा लेको. हसायला काय जातं?

शाहू महाराजांच्या राज्यातले ते दिवस. कोल्हापुरात एकीकडं तालमी घुमत होत्या आणि दुसरीकडं पेंटर लोकांच्या माड्यांवर रंग वाळत होते. एका जुन्या बंगल्यात कुठकुठली चित्रं आणि दगडी मूर्ती आणून मांडल्या होत्या. लोक त्याला अजबखाना म्हणत. तिथं आकाराम मास्तर नावाचे चित्रकार रविवारी दुपारी मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायचे. लेण्यांच्या भिंती रंगवणाऱ्यांपासून परवाच्या तैलरंगापर्यंत सगळी हकिकत सांगायचे. ऐकायला शिंपी, सोनार, गुळाचे अडते, एखाददुसरा म्हातारा वस्ताद. धनपाल एकदा ऊन चुकवायला म्हणून आत शिरला आणि तिथलाच झाला.

खरं कारण त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. त्याचे डोळे चालले होते. मिरजेच्या डॉक्टरनं बघून सांगितलं होतं, काचबिंदू आहे, गेलेलं परत यायचं नाही आणि राहिलेलंही फार दिवस राहायचं नाही. कडेकडेनं अंधार आत सरकत होता. आता किल्लीच्या भोकातून बघावं तेवढंच दिसायचं. एका वेळी बैलाचं शिंग दिसे, बैल नाही. तेवढ्यात जेवढं देखणं साठवता येईल तेवढं साठवायचं, असा त्याचा हिशेब होता. कणगी भरून ठेवतात तसा.

आणि मास्तरांची बघायची रीत नेमकी त्याच्या सोयीची निघाली.

"चित्र एकदम गिळायचं नाही," मास्तर म्हणायचे. "आधी उजेड कुठनं येतोय ते शोधा. मग हात बघा. तोंड शेवटी. तोंड आधी बघितलं की माणूस बाकीचं बघायचाच थांबतो."

धनपाल तसंच करायचा. आधी खिडकी, मग बोटं, मग हळूहळू वर. एका चित्रात कमळ धरलेला हात होता, एकात वीणेच्या तारांवर टेकलेली बोटं. परतताना गाडी पुलावर आली की ती सगळी माणसं त्याच्या डोक्यातून उतरून गाडीबरोबर चालू लागायची. खाली पाणी सोन्यासारखं हलत असायचं, बैल आपसूक वाट धरायचे, आणि कमळवाली बाई कठड्याला हात लावून थांबायची. गाव कधी आलं ते त्याला कळायचं नाही. खरं सांगायचं तर त्याला ते यायलाच नको असायचं.

एका रविवारी मास्तरांनी वेगळंच काढलं. म्हणाले, "आज डोळे मिटा. रोज बघता असं काहीतरी तोंडानं रंगवून सांगा."

धनपालनं आपल्या चांद्या बैलाचं चित्र उभं केलं. कपाळावरचा पांढरा चांद, वशिंडाखालचा डावीकडचा भोवरा, उजव्या शिंगाचा आत वळलेला शेंडा, रागावला की हलणारा कान. एक केस सोडला नाही पठ्ठ्यानं. लोक म्हणाले, वाहवा चौगुले, बैल दारात आणून बांधलात की!

"आता घरातलं माणूस आणा," मास्तर म्हणाले. "बोलू नका. नुसतं मनात आणा."

धनपालनं आईला आणलं, आली. मुलाला आणलं, बापूसोला, आला. मग बायकोला बोलावलं. हिरवा पदर आला. चुलीपुढं वाकलेली पाठ आली. भाकरी थापणारे हात आले, बांगड्या वाजल्या. पदराखाली तोंड मात्र नव्हतं. त्यानं पुन्हा बोलावलं; पुन्हा पाठच आली. धनपालनं झटकन डोळे उघडले.

आता कुणी म्हणेल, बायकोचं तोंड विसरतो म्हणजे काय माणूस आहे का कोण! पण त्या काळची घरं आठवा. सोप्यात आई बसलेली. तिला घरात सगळे अव्वा म्हणत, आणि अव्वाची नजर म्हणजे चौकीच. सुनेचा पदर भुवयांपर्यंत, नवरा बोलणार तो चौकटीकडं बघून, हाक मारायची ती 'बापूच्या आई' म्हणून. चारचौघांत बायकोकडं टक लावून बघणं म्हणजे बेशरमपणा. असा सगळा संसार झाला होता. तिचं नाव प्रभावती होतं, पण ते त्यानं लग्नातल्या उखाण्यानंतर उच्चारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यानं बघायचा प्रयत्न केला.

"काय झालं? मीठ जास्ती पडलं व्हय?" तिनं विचारलं आणि पदर आणखी ओढला.

"धनपाल," सोप्यातून अव्वा खाकरली, "जेवताना ताटात बघावं."

झालं! पुढचे कितीतरी दिवस तो असाच चोरून बघायचा आणि ती वळायची. तिकडं अंधार रोज थोडा आत यायचा. चित्रं भरपूर साठली होती, कणगी शीग लागून भरली होती, आणि घरचा दाणा तेवढा भरायचा राहिला होता.

शेवटी त्यानं युक्ती केली. अव्वाला म्हणाला, "अजबखान्यात पार्श्वनाथांची जुनी मूर्ती हाय. कुठल्याशा पडक्या बस्तीच्या देवळातली. बापूच्या आईला दर्शनाला न्हेतो." देवाच्या दर्शनाला नाही कशी म्हणणार? गुडघे धरलेले नसते तर अव्वाच आधी गाडीत चढली असती.

त्या रविवारी धनपालनं मास्तरांना बाजूला घेतलं. "मास्तर, आज वर्ग नको. खिडकीजवळची जागा द्या थोडा वेळ."

मास्तरांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि काही न विचारता सगळ्यांना पलीकडच्या खोलीत घेऊन गेले.

मूर्तीपुढं हात जोडून झाल्यावर धनपालनं तिला खिडकीतल्या बाकड्यावर बसवलं आणि आपण समोर बसला. दुपारचं ऊन कवडशानं आत आलं होतं. भिंतीवरच्या बायका कमळं आणि वीणा घेऊन गप्प उभ्या होत्या.

"अवं, चित्रं तिकडं हाईत की," ती म्हणाली.

"असू देत. मला तुला बघायचंय."

"इश्श! खूळ लागलं काय?"

मग त्यानं सांगून टाकलं. मिरजेचा डॉक्टर, कडेचा अंधार, मिटल्या डोळ्यांपुढं आलेली तिची पाठ. सगळं. ती ऐकत राहिली. पलीकडच्या खोलीतून मास्तरांचा आवाज येत होता, बाहेर कुणीतरी बागेला पाणी घालत होतं. मग तिनं दोन्ही हात वर नेले आणि डोक्यावरचा पदर आपल्या हातानं खाली घेतला. लग्नानंतर पहिल्यांदाच, दिवसाढवळ्या, परक्या जागी.

धनपालनं आधी उजेड शोधला. तो डावीकडून येत होता. मग हात बघितले, बोटांवरचे चटके बघितले. मग हनुवटी, तिथलं गोंदण. ओठ, नथ, गालावरच्या बारीक रेषा. सावकाश वर, एकेक घास घ्यावा तसा. उजव्या भुवईपाशी तो थांबला. भुवई मधोमध तुटलेली होती, आणि तिथं पांढरा, कोयरीसारखा वळलेला वण होता.

"हे कवा लागलं?"

"लई वर्सं झाली. चांद्या गोऱ्हा हुता तवा शिंग लागलं की."

धनपालला तो दिवस लख्ख आठवला. गोठ्यात तो धावत गेला होता. गोऱ्ह्याच्या शिंगाला रक्त होतं. शिंग दुखावलं म्हणून त्याचं काळीज तुटलं होतं, रात्रभर त्याच्याजवळ बसून त्यानं शिंगाला हळद लावली होती.

"ते रगात तुझं हुतं?"

"व्हय."

"मी त्याच्या शिंगाला हळद लावली!"

"मीच दिलती की उगाळून," ती म्हणाली. "अव्वा हुत्या सोप्यात. पदर वढून घेतला आन् दिली."

एवढा थोराड गडी, पण खांदे गदागदा हलायला लागले. डोळे भरून आले, आणि होतं नव्हतं ते किल्लीच्या भोकाएवढं दिसणंही पाण्यात बुडालं.

"प्रभावती," तो म्हणाला.

तिनं पदराच्या टोकानं त्याचे डोळे पुसले. एक पुसला, मग दुसरा.

"आता रडू नगासा," ती म्हणाली. "पाण्यानं दिसायचं न्हाई. आधी बघून घ्या."

आणि उजेड नीट पडावा म्हणून तिनं तोंड खिडकीकडं थोडं वळवलं.