परब सर आणि सन अठ्ठ्याहत्तर

परब सरांवर अन्याय झाला तो एप्रिल १९८६ मध्ये, आमच्या घाटकोपरच्या शाळेत, वार्षिक निकालाच्या आदल्या दिवशी. शाळा त्याला 'गैरसमज' म्हणते. मी म्हणणार नाही.

सर इतिहास शिकवायचे, बोलायचे मात्र मालवणीत. कुणी कुठलंही साल सांगितलं की विचारायचे, "कोणाच्या मोजणीन?" मी शाळेत असताना एकदा वैतागून म्हणालो, "सर, देश सत्तेचाळीसला स्वतंत्र झाला. यात मोजणी कसली?"

"माझ्या आवशीक इचार. ती म्हणतली, शके अठराशे एकोणसत्तर." आवस म्हणजे आई.

शक सुरू झाला ते वर्ष शिकवताना ते फळ्यावर एकाखाली एक लिहायचे: इसवी सन ७८, विक्रम संवत १३५, वीर निर्वाण संवत ६०५, बुद्ध संवत ६२२. मग खडू ठेवून आमच्याकडे बघायचे. "वर्ष एकच, मेल्यांनो. आणि त्या वर्षी जगणाऱ्या एकाक तरी म्हायत होता काय, अठ्ठ्याहत्तर चालू आसा म्हणान? इसवी सन तेव्हा कोण मोजीतच नव्हतो." मग प्रत्येकानं घरचं कॅलेंडर आणायचं. गेल्या वर्षी आठवीतली वैशाली जाधव बुद्ध संवताचं कॅलेंडर वर्तमानपत्रात गुंडाळून, लपवत घेऊन आली. सरांनी ते सगळ्यांच्या मधोमध टांगलं.

परीक्षेत प्रश्न आला, शक कोणत्या वर्षी सुरू झाला? वैशालीनं लिहिलं, बुद्ध संवत ६२२. केतननं, म्हणजे एका विश्वस्तांच्या मुलानं, लिहिलं, विक्रम संवत १३५. सरांनी दोघांना गुण दिला. मुख्याध्यापकांनी फक्त वैशालीचा कापायला सांगितला.

मी शाळेचा जुना विद्यार्थी; त्या दिवशी दाखल्यासाठी त्यांच्या केबिनबाहेर बाकावर बसलो होतो. दार उघडंच होतं.

"परब, विक्रम संवत सगळ्यांना माहीत असतो हो. हे बुद्ध संवत कुठून काढलं तिनं?"

"घरच्या भिंतीवरून. केतननं काढला थयसूनच."

"उगाच जातीवर नेऊ नका."

"मी खंय नेतंय? कापूचो तर दोघांचो कापा, नायतर कोणाचोच नको."

"तुम्ही अजून टेम्पररी आहात, विसरू नका."

सर म्हणाले, "लाल पेन तुमच्याकडे पण आसा. माझ्या हातान ह्या होवचा नाय."

मुख्याध्यापकांनी स्वतः गुण कापला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सरांच्या जागी दुसरे शिक्षक होते. केतनवर माझा राग नाही. निकालाच्या दिवशी तो भर वर्गात म्हणाला, "मग माझं पण चूकच ना?" त्याला खाली बसवलं.

सर खोली सोडून कणकवलीला निघाले त्या दिवशी मी ट्रंक उचलायला गेलो आणि पत्रकाचा मसुदा दाखवला. वर मोठ्या अक्षरांत: 'परब सरांना परत घ्या.' सर चिडले.

"माझा नाव कित्याक? त्या चेडवाचा, वैशालीचा घाल. माका खंयव नोकरी मिळात. तिका शिकवलानी काय, तर तुझ्या घरची मोजणी खोटी. ता तिच्या मनातला कोण पुसतला?"

वैशाली आता नववीत आहे. इतिहासाच्या तासाला हात वर करत नाही, असं तिची आई सांगते. कणकवलीहून सरांचं पत्रही नाही.

या शाळेत तुमचं मूल असेल तर येत्या पालकसभेला या. दोन्ही उत्तरपत्रिका एकाच टेबलावर मागा. आधी वैशालीचा गुण लिहून घ्या, मग सरांची जागा मागा, आणि दोन्ही मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.