मामेसासऱ्यांचे वाल

बियाणं हाताशी असूनही न देणारा, माझ्या मामेसासऱ्यांच्या तोडीचा दुसरा माणूस रत्नागिरीत झाला नाही. मी बियाण्याचा दुकानदार आहे आणि घासाघीस करण्यात मला कोणी हरवलेलं नाही, म्हणून हे अधिकाराने सांगतो. ते बायकोचे सख्खे मामा. देशावरच्या एका शेतकी केंद्रात त्यांनी जन्मभर कडधान्यांची लग्नं लावली, स्वतःचं मात्र राहून गेलं. निवृत्तीनंतर ते विधवा बहिणीकडे, म्हणजे आमच्या मावशींकडे, येऊन राहिले आणि परसातल्या वालाच्या मांडवाखालीच मुक्काम ठोकला. वालाचं फूल उमलण्याआधीच आतल्या आत आपलं आपण फळतं. मका असता तर अशा घरातल्या घरातल्या लग्नांनी खंगला असता, वालाला ते मानवतं, असं ते कौतुकाने सांगत. तरी हे संध्याकाळी घड्याळजीचा चिमटा घेऊन मिटलेली कळी उघडत, पुंकेसर खुडत आणि सकाळी परक्या वेलाचे पराग आणून लावत. मावशींनी चहाला हाक मारली तर हलक्या आवाजात म्हणत, "थांब गो, मुलगी बोहल्यावर आहे."

माणसंही ते याच हिशेबाने बघत. मला एकदा म्हणाले, "जावईबापू, तुमचे वडील घाटावरचे, आई दाभोळची. पहिल्या पिढीचा संकर, म्हणून एवढे फोफावलात." मी सुखावलो, तेवढ्यात पुढचं आलं. "हा जोर खाली उतरत नाही हो. मुलाकडून फार अपेक्षा ठेवू नका." डोक्यावर टोपली घेऊन दारोदार भाजी विकत मी दुकानापर्यंत पोचलो, तो जोर आईबापांच्या नावावर का म्हणून घालू? महिनाभर मी त्यांच्या दारात गेलो नाही. पुढे मुलाने दुकानात बसायला नकार देऊन मुंबईची नोकरी धरली, तेव्हा तर आणखी दोन महिने गेलो नाही.

कोकणात रेल्वे नुकतीच धावू लागली होती, त्या सुमारास त्यांनी आमच्या बारक्या कडव्या वालाचं देशावरच्या वालाशी लग्न लावलं. पुढच्या हंगामात ते वेल मांडव ओलांडून शेजारच्या फणसावर चढले. मी म्हटलं, सगळं बी मला द्या. मांडवाला लोखंडी खांब देऊ केले, विहिरीला पंप देऊ केला.

"ही वरात आहे," ते म्हणाले. "वरातीत सगळेच नटलेले दिसतात. पुढच्या पिढीत आजे-पणजे बाहेर पडतील. एक बुटका, एक उशिराचा, एक नुसता पाला. शेतकरी शिव्या कोणाला घालील?"

"मला. मला सवय आहे."

"मला नाही."

आणि झालंही तसंच. मग ते दरवर्षी वाफ्यात उभे राहत, एकेका वेलाकडे बघत बसत आणि दोन बोटांनी धरून उपटून टाकत. उरलेल्यांचं बी पुन्हा पेरत. सात-आठ पिढ्यांनी सगळे एका वळणाचे होतील, तेव्हा पहिलं माप तुमचं, एवढा शब्द मात्र त्यांनी दिला. "उपटताना बघता काय?" मी विचारलं. "सांगून नाही कळायचं. चार वर्षं माझ्याबरोबर उभे राहा." मला दुकान होतं.

अखेर एका शिमग्यानंतर निरोप आला, "वाल झाले. पावसाआधी येऊन न्या." मी जाण्याआधीच ते गेले.

तेराव्याला पानात वालाचं बिरडं होतं. मऊ, बेताचं कडू. मी दुसऱ्यांदा मागून घेतलं आणि मावशींना विचारलं, वाल कुठले?

"त्याच्याच डब्यांतले हो, वर्षावर्षाचे राख लावून ठेवलेले, सगळे एकत्र करून भिजत घातले. त्याच्या तेराव्याला बाजारचे कशाला आणायचे?"

माझं पहिलं माप मी दोनदा मागून घेऊन खाल्लं होतं. मग उठून स्वयंपाकघरात गेलो. न भिजलेले गणंग दाणे बायकांनी निवडून टाकायला वाटीत काढले होते. ते मी रुमालात बांधून घेतले.

पाऊस सरल्यावर दुकानामागे पेरले. हट्टी दाणे, उशिरा उगवले, तेही मोजकेच. एक वेल जोरात आहे, एकाला फूल लवकर आलं, एक किरटा आहे पण शेंगांनी लगडलाय. यातला ठेवायचा कोणता, हे सांगायला कोणी नाही. रोज दुकान उघडण्याआधी मी तिथे उभा राहतो, एखादा वेल दोन बोटांत धरतो आणि सोडून देतो.