नाकानं कानाची चोरी पकडली

नेस्टरमामा जाऊन सहा आठवडे झाले. लोकांचे अजून फोन येतात. गाडी फिरते पण पेटत नाही, जरा मामाला पाठवा, म्हणतात. मग त्यांचं त्यांनाच आठवतं आणि फोन ठेवून देतात. म्हणून हे त्या एका दिवसाचं सांगून ठेवायचं.

मामा म्हणजे पॉलीनचा, आमच्या आईचा, धाकटा भाऊ. लग्न केलं नाही. इथे सॅस्कॅचेवानात शेतावर आईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर त्याची शेड. तो दिवस ज्या वर्षीचा, त्या वर्षी हाक दोनदा मारावी लागायची, आणि आई म्हणायची, मुद्दाम करतो मेला.

शाळा आठवी. पण जुनी गाडी अडली की सगळे त्याच्याकडे. तो आधी बॉनेट उघडायचाच नाही. बादली पालथी घालून बसायचा आणि मालकाला विचारायचा, काल कुठे गेला होतास, गाडीत काय भरलं होतंस, कुणाला बसवलं होतंस. मालक वैतागायचे. मामा म्हणायचा, गाडी खोटं बोलत नाही पण बोलतच नाही, माणूस बोलतो, त्यातलं खोटं काढून उरेल ते घ्यायचं. मग किल्ली अर्धीच फिरवायची, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. मागे टाकीतला पेट्रोलचा पंप दोन सेकंद गुणगुणतो, बस, दोनच सेकंद. त्या आवाजावरून मामा पंपाचं वय सांगायचा.

तर ऑक्टोबरातला रविवार. हॉलवर सगळ्या गावाचं जेवण होतं, पिकं निघाली की दरवर्षी असतं. टर्की, बटाटे, भोपळ्याची गोड पाई. होलुब्त्सी मात्र आईकडची, कोबीच्या पानात भात गुंडाळलेली. पाच मोठी झाकणाची भांडी, दोनशे माणसांची. साडेतीनला तिनं सगळं तिच्या जुन्या पिकअपमध्ये भरलं, किल्ली फिरवली, आणि इंजिन आपलं फिरतंय, फिरतंय, पेटत नाही. सकाळी तर चर्चला जाऊन आली होती त्याच गाडीतून.

मामाची गाडी टेबलं न्यायला हॉलवर गेलेली. आई म्हणाली, डॅरिलला बोलावते. डॅरिल म्हणजे गावातला नवा गॅरेजवाला. मामाचं तोंड उतरलं. डॅरिल आला असता तर पाच वाजता अख्ख्या हॉलला कळलं असतं की नेस्टरला बहिणीची गाडी उठवता आली नाही. आणि का येणार नाही, ते मामाला आतून ठाऊक होतं. गेले नऊ महिने त्याला तो पंप ऐकूच येत नव्हता. कुणाला बोलला नव्हता. अंदाजानं चालवत होता.

बादली पालथी घातली, बसला. सकाळपासून काय केलंस, सांग. आईनं सांगितलं. चर्च, परत, अंगणात उभी केली, हात लावला नाही. मामानं किल्ली अर्धी फिरवायला सांगितली, डोळे मिटले, मान हलवली.

"वाजतोय," म्हणाला.

मग एक प्लग काढला, वायर जोडून इंजिनाला टेकवला, आईला सेल्फ मारायला लावला. निळी ठिणगी, अगदी टणटणीत. हवेची वाटही मोकळी. मग मागे जाऊन सायलेन्सरच्या नळीला नाक लावलं. एवढा सेल्फ मारल्यावर कच्च्या पेट्रोलचा वास यायलाच हवा. वास नाही. पुन्हा मारायला लावला. नाहीच.

मामा तिथेच उकिडवा बसून राहिला. हे काही जुळत नव्हतं. पंप चालतोय तर वास हवा. वास नाही तर पंप बंद हवा. दोन्ही खरं कसं असेल? चाळीस वर्षांत त्याला गाडीनं असं कोडं घातलं नव्हतं. गंमत म्हणजे क्षणभर तो खराच नादाला लागला, कुठे गळतंय का, कुठे तुंबलंय का, टाकीपासून पुढपर्यंत मनात फिरून आला. मग ध्यानात आलं, यातली एक साक्ष खोटी आहे. आणि ती आपलीच.

तेवढ्यात आई खिडकीतून म्हणाली, "नेस्टर, मला तर काहीच वाजलेलं ऐकू आलं नाही रे."

मामा मातीकडे बघत म्हणाला, "मला पण नाही. जानेवारीपासून नाही."

आईला आपल्या दोन-दोन हाका आठवल्या असतील. मग म्हणाली, "गाढवा, मग मला विचारायचं ना. मला दोन कान आहेत, एक तुला."

मामा गाडीखाली पाठीवर सरकला आणि टाकीवर तळहात ठेवला. आईनं किल्ली अर्धी फिरवली. हात लावून बघितलं तर टाकी दगडासारखी गार, जराही थरथर नाही. म्हणजे पंप बंद. तो बाहेर आला आणि पुन्हा बादलीवर बसला.

"भांडी कुठे ठेवलीस?"

"चार मागे, एक पुढे पायाशी, हीटरजवळ. गरम राहावं म्हणून."

"कशी ठेवलीस?"

"कशी म्हणजे? बसत नव्हतं. बुटानं ढकललं."

"हे मगाशी का नाही सांगितलंस?"

"तू गाडीचं विचारलंस. हा स्वैपाक आहे."

मामा एवढा हसला की उठताना त्याला दाराला धरावं लागलं. त्या जुन्या पिकअपला पायाशी, बाजूच्या पत्र्यामागे एक बटण असतं. गाडी कुठे आदळली तर आग लागू नये म्हणून ते पंप बंद करतं. आईच्या बुटाला आणि दहा किलो होलुब्त्सींना ते अपघातच समजलं. मामानं भांडं मांडीवर घेतलं, पत्र्यामागे हात घालून उडालेलं बटण परत दाबलं. मग भांडं आईकडे देऊन परत गाडीखाली.

आईनं किल्ली अर्धी फिरवली. "वाजला," म्हणाली.

"लागला हाताला," खालून मामा.

पाचला दहा कमी असताना ती दोघं हॉलवर पोचली. जेवताना मामानं आईला उजव्या बाजूला, त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी बसवून घेतलं आणि डॅरिलसकट सगळ्या टेबलाला आपणहून सांगितलं की कान गेले. डॅरिल म्हणाला, आपला एक कान होलुब्त्सीसाठी गहाण ठेवायला तयार आहे, अजून एक वाढा.

त्यानंतर सात वर्षं दोघं जोडीनं जायची. ती किल्लीशी, तो टाकीखाली. वाजला. लागला.

गेल्या मंगळवारी कोवालचुकांची सून फोनवर म्हणाली, गाडी फिरते पण पेटत नाही. आईनं कोट घातला आणि एकटीच गेली. आधी तिला विचारलं, काल गाडीत खायचं काय ठेवलं होतंस. मग किल्ली अर्धी फिरवली आणि मोठ्यानं म्हणाली, "वाजला."

मागून कुणी बोललं नाही. सून आपली बघत उभी. आई तिला म्हणाली, "उभी काय राहतेस, आडवी हो. टाकीला हात लाव आणि मला सांग."