डावा कौल

फीडिंग पंप बंद होता. मी सिस्टरकडे बघितलं, तिने पेशंटच्या थोरल्या भावाकडे, आबांकडे. आबांनी काही लपवलं नाही.

"मीच बंद केलंय, मॅडम. काल देवळात कौल लावलो. डावो पडलो. तेच्या पोटात काय घालू नकात."

पेशंट आरोंद्याचा मच्छीमार. बोटीवर स्टोव्ह भडकून छाती नि दोन्ही हात भाजलेले. आमच्या आयसीयूत व्हेंटिलेटरवर होता, नाकातून पोटात नळी. कौल म्हणजे देवाला पाकळ्या चिकटवून विचारणं. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. माझं स्वतःचं लग्न उजव्या कौलावर ठरलेलं. मी कोणत्या तोंडाने हसणार?

सीनियर सरांना फोन लावला. "समजाव, भांडू नकोस," ते म्हणाले.

"आणि नाही ऐकलं तर?"

"जंतू थोडेच कौलाला थांबणार आहेत?"

आबांना आणि पेशंटच्या बायकोला, सुनीताला, बाहेर बाकावर बसवलं.

"सलाईन आसा मां?" आबा म्हणाले. "पोटाक जरा आराम मिळांदे."

सगळ्यांना हेच वाटतं. मी सांगितलं, आतड्याला आतून पेशींचा एकच थर असतो. एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या. अलीकडे जंतू, पलीकडे रक्त. त्या पेशी वर बुळबुळीत लेप धरतात, जंतू मारणारी द्रव्यं सोडतात, चार-पाच दिवसांत झडतात आणि जागी नव्या येतात. या कामाला लागणारं खाणं त्या बरंचसं समोरून जाणाऱ्या अन्नातूनच घेतात. आतडं रिकामं राहिलं की त्या उपाशी. मग पकड सुटते, आणि भाजलेल्या माणसाच्या रक्तात जंतू शिरले की आमच्या हातात फार काही उरत नाही.

सुनीताच्या घरची शेती खाडीला लागून, खारं पाणी अडवणाऱ्या खारबांधाच्या आत.

"म्हणजे बांध घालतल्या गड्यांका पेज नाय दिली," ती सावकाश म्हणाली, "तर खारां पाणी शेतात येतलां."

"अगदी तेच."

"आबांनू, तुमी हय ऱ्हवा. मी जावन परत कौल लावतंय."

संध्याकाळी ती आली. "उजवो पडलो," आबांना म्हणाली. त्यांनी हात जोडले. पंप सुरू झाला, आधी अगदी बारीक धारेने. मध्ये ताप चढला, एकदा आम्ही आशाही सोडली होती. तीनदा कातडी लावली, प्रत्येक वेळी कन्सेंटवर सही सुनीताची. डाव्या हाताची दोन बोटं गेली. माणूस चालत घरी गेला.

फॉलोअपला नवरा ड्रेसिंगला आत गेल्यावर सुनीता माझ्याजवळ आली.

"मॅडम, त्या दिवशी मी देवळात गेलंयच नाय. स्टँडार बसान ऱ्हवलंय."

मी हातातली फाईल मिटली.

"देवाचां खोटां सांगलंय. आता काय ता माका होवंदे. तेका नको."

कन्सेंटवर सही कुणाची, ते आम्ही नीट तपासतो. सही करणाऱ्याने काय पणाला लावलंय, ते विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.