घट बसायच्या आत

ओल काढायच्या धंद्यात दोन गोष्टी साठत जातात. मशीनच्या टाकीत पाणी आणि आमच्या डोक्यात किस्से! टाकी भरली की मशीन आपोआप बंद पडतं. माझं तोंड मात्र बंद पडत नाही. लग्नात, बारशात, एकदा तर दवाखान्याच्या बाकावरसुद्धा कुणीतरी म्हणालंच, "वहिनी, त्यो विहिरीचा किस्सा सांगा की!" मग मी सांगते. लाजायचं कशाला?

आमचे हे फौजेत फ्रिज-एसीचे मेकॅनिक होते. रिटायर होऊन सांगलीत आले तरी सगळी गल्ली त्यांना 'फौजी' म्हणते, म्हणून मीही म्हणते. त्यांनी जुनी डीह्युमिडिफायर मशिनं मिळवली, खोलून दुरुस्त केली आणि आम्ही दोघांनी पुरात भिजलेली घरं वाळवायला सुरुवात केली. मशीनचं काम सोपं आहे. दमट हवा आत ओढायची, तिच्यातलं पाणी टाकीत पाडायचं, कोरडी हवा बाहेर सोडायची. खोली बंद ठेवली की भिंत आपली ओल थोडी थोडी त्या हवेला देत राहते.

त्या पावसाळ्यात नदी आमच्याच घरात शिरली. आम्ही दोघं गच्चीवरच्या दोघांपुरत्या खोलीत गेलो. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, दमा. डॉक्टरांनी बजावलं, "भिंती खडखडीत वाळल्याशिवाय यांना खाली झोपवू नका." म्हणून त्यांना कोरेगावला नणंदेच्या घरी पाठवलं.

आता लेकीच्या सासरी आत्याबाई एक दिवसाच्या वर कधी राहिलेल्या नाहीत. जाताना त्यांनी स्वतःचं पीठ, स्वतःचं तिखट आणि स्वतःचा स्टोव्ह नेला! तिथं पोचल्यावर त्यांच्या विहीणबाई प्रेमानंच म्हणाल्या, "नवरात्राचं काय घिऊन बसलाय? आमच्या घटाशेजारी तुमचाबी घट बसवू. तुमच्या भिंती काय आता वाळत न्हाईत."

ते शेवटचं वाक्य आत्याबाईंना झोंबलं. लगेच लेकाला फोन. "निवास, घट बसायच्या आत भिंती वाळव. न्हाईतर मी देव घिऊन नदीच्या घाटावर जाऊन बसंन!"

आणि आमच्या घरात एकही मशीन शिल्लक नव्हतं. सगळी गिऱ्हाइकांकडं. फौजी म्हणाले, "फौजेत आधी जवान जेवतात, अधिकारी शेवटी."

मी म्हटलं, "इथं तुमची आई उपाशी आहे!"

* * *

सगळ्यात आधी नदीकाठच्या गल्लीतल्या शिंदेकाकांचं घर. काका बँकेतून रिटायर झालेले, अत्यंत टापटिपीचे. फौजींनी दोन मशिनं लावली, खिडक्या बंद केल्या, दाराच्या फटीत गोणपाट सारलं आणि समजावून सांगितलं. काकांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी गेलो तर दोन्ही टाक्या काठोकाठ! फौजी खूश. भिंतीला ओल मोजायचा मीटर लावला तर ओल होती तिथंच. टाक्या रिकाम्या केल्या. पुन्हा भरल्या. भिंत तशीच. फौजींनी एक मशीन खोलून बघितलं, दुसरं खोलून बघितलं. दोन्ही ठणठणीत.

शेवटी एका दुपारी न सांगता गेलो. दारं सताड, खिडक्या सताड, पडदेसुद्धा गाठ मारून बाजूला! काका खुर्चीत बसून पेपर वाचत होते. म्हणाले, "आवं, भिंत वाळवायची तर वारं नको का खेळायला? तुमी विसरून बंद करून जाता, मी रोज उघडतो!"

पिढ्यान्‌पिढ्या पूर ओसरला की लोकांनी दारं-खिडक्या उघडूनच घरं वाळवली, त्यात त्यांची तरी काय चूक? पण फौजी डोक्याला हात लावून खाली बसले. म्हणाले, "काका, चार दिवस झालं, माझी मशिनं कृष्णा नदी वाळवत बसलीत!"

काकांना शब्द चांगलाच लागला. त्यांनी त्याच संध्याकाळी घराला कुलूप घातलं आणि किल्ली फौजींच्या हातात दिली. भिंत वाळली. वर काकांनी गल्लीत फिरून दुसऱ्यांच्या खिडक्या बंद करायला सुरुवात केली, ज्यांच्याकडं मशीन नव्हतं त्यांच्यासुद्धा!

* * *

तिथली मशिनं सुटली, मी म्हटलं आता आपलं घर. तोवर मेढ्याहून फोन. डोंगराकडचा पाऊस, कौलं सरकून एका मास्तरांच्या घरात पाणी उतरलेलं आणि बायको बाळंतीण. फौजींनी माझ्याकडं बघितलं. मी गाडीची किल्ली त्यांच्या हातात दिली. बाळंतिणीपुढं काय बोलणार?

मास्तर शहाणे. खिडक्या गच्च बंद ठेवल्या. तरीही तेच, टाकी भरतेय आणि भिंत ओली! आम्ही पुन्हा मेढ्याला. मशीनच्या खोलीचं दार ढकललं तर आत जायला जागा नाही. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, आणि दोऱ्यांवर अख्ख्या आळीचं धुणं! लुगडी, दुपटी, शाळेचे गणवेश, एक घोंगडं आणि कुणाच्या तरी चार पँटी.

मेढ्याच्या पावसात कपडे आठवडाभर वाळत नाहीत. एका शेजारणीला शोध लागला की ह्या खोलीत टाकलेलं दुपटं दुपारपर्यंत कडक होतं. मग काय, रांगच लागली!

फौजींनी सगळ्यांना जमवून फौजी आवाजात सुनावलं. बायांतली एक म्हातारी पुढं आली आणि म्हणाली, "बाबा, भिंत काय आज ना उद्या वाळंल. पोरगं भरतीला निगालंय, त्येची पँट तेवढी वाळू दे."

फौजींनी त्या पँटी स्वतः मशीनसमोर ओढल्या! भरतीचं नाव काढल्यावर ह्या माणसाची जीभ रेटेलच कशी? पँटी वाळल्या, पोरगं गेलं, मग दोऱ्या उतरल्या आणि भिंतही वाळली. नंतर पोरगं भरती झाल्याचे पेढे आले. फौजी अजून सांगतात, "माझ्या मशिननं देशाला एक जवान दिला!"

पँटींचा किस्सा कळून कोरेगावहून आत्याबाईंचा फोन आला तेव्हा तोंडात पेढाच होता. "लोकांच्या पँटी वाळवा. माजं देव ऱ्हाऊ द्यात पिशवीत!"

* * *

त्यानंतर कोयनानगर. तिथल्या वसाहतीत एक रिटायर झालेले आजोबा एकटे राहत होते. छत गळून आतली खोली भिजली होती. फौजींनी मशीन चालू केलं आणि खाली फरशी थरथरू लागली. भांडी किणकिणली.

फौजी म्हणाले, "रबर बसवायला पाहिजे, मशीन लय हादरतंय." त्यांनी मशीन बंद केलं.

मशीन बंद. भांडी चालूच!

आमचे फौजी बर्फात राहिलेले, सीमेवर राहिलेले. ते माझ्या आधी अंगणात! मी त्यांच्या मागून. आजोबा आत खुर्चीत. मी ओरडले, "आजोबा, बाहेर या, भूकंप!"

आजोबा बशीतून चहा पीत होते. त्यांनी बशीकडं बघितलं आणि आतूनच म्हणाले, "एवढ्याला उठत न्हाई आमी. चा सांडाय लागला की येतो!"

मशीन पुन्हा चालू करायला फौजींना मीच आत ढकललं. हे कुणाला सांगू नको म्हणाले होते. आता इतक्या जणांना सांगून झालंय.

* * *

आता विहिरीचा.

जतकडच्या माळावर एका घराची गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली आणि नवं कोरं घर भिजलं. एरवी तिकडं थेंबाची मारामार! घरातले आजोबा जन्मभर मेंढरं घेऊन पाण्यामागं हिंडलेले, आता पोरं शेती बघतात. मशीन लावल्यापासून आजोबा समोर मांडी घालून बसले. टाकीत पाणी पडताना बघून म्हणाले, "पायपाशिवाय पानी? कुटनं येतंय रं ह्ये?"

फौजी म्हणाले, "हवेतनं, भिंतीतनं. जिथं असेल तिथनं ओढतंय."

हे वाक्य नडलं!

खोली वाळत आली तसं मशीन आणायला गेलो, तर मशीन गायब. घरात बाया हसू दाबतायत. शेवटी सून म्हणाली, "मामंजींनी ट्रॅक्टरात घालून रानात नेलंय."

रानात गेलो. कोरडी ठाक विहीर. मोटारीच्या पेटीतून वायर ओढलेली आणि विहिरीच्या काठावर आमचं मशीन भर उन्हात घुमतंय! शेजारी आजोबा छत्री धरून बसलेले. छत्री स्वतःवर नाही, मशीनवर!

फौजी चिडायच्या बेतात होते. आजोबांनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं आणि टाकी दाखवली. तळाशी वाटीभर पाणी होतं. आजोबांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "गड्या, तीन बोरं मारली, फुफाटा निगाला. तुज्या मशिननं पानी काडलं! अशी धा आन, डाळिंब लावतो!"

फौजींनी काहीच समजावलं नाही. ते पाणी त्यांनी आजोबांच्या हातानं बांधावरच्या लिंबाच्या रोपाला घालायला लावलं. गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "चला. आता आईच्या भिंती."

* * *

घटस्थापना तोंडावर आली होती. सगळी मशिनं एकदम आमच्या घरात लागली. कमरेएवढा गिलावा आधीच काढून ठेवला होता. दारं बंद, पंखे चालू, दोघं आळीपाळीनं टाक्या रिकाम्या करतोय. मला रडू यायचं. इतक्या लोकांची घरं वाळवली आणि आमच्याच म्हातारीचे देव पिशवीत राहिले तर कुठल्या तोंडानं धंदा करायचा? शेवटी सगळ्या भिंतींवर मीटर खाली आला. फौजींनी जाऊन आईला गाडीत घालून आणलं.

आत्याबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. फौजींनी मीटर दाखवला. त्यांनी तो बाजूला सारला. "त्यो तुजा हाय, तुज्याच बाजूनं बोलणार. मशिनं बंद कर आदी. ती चालू असली तर कुनीबी वाळंल!"

मशिनं बंद झाली. मग त्यांनी आपल्या पिशवीतून उडदाचे पापड काढले, मला भाजायला लावले आणि प्रत्येक खोलीत भिंतीच्या कडेला कागदावर एकेक ठेवला. स्वतः रात्री आमच्या गच्चीवरच्या खोलीत जाऊन झोपल्या. घरात ओल असेल तर सकाळी पापड चामट होणार. फौजींची झोप उडाली. कोयनेत पळाले होते, तेव्हासुद्धा चेहरा इतका पडला नव्हता!

सकाळी आत्याबाई अंघोळ करून खाली आल्या. आम्ही दोघं मागं. त्यांनी स्वयंपाकघरातला पापड उचलला, पण मोडला नाही. सगळ्या खोल्यांतले पापड गोळा करून ताटात घेतले, जमिनीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "कोरेगावला फोन लाव. मोठ्या आवाजावर."

विहीणबाईंनी फोन उचलला. आत्याबाई म्हणाल्या, "विहीणबाई, फोन कानाला नीट लावा."

कट्‌कन!

"आगं बया! काय मोडलं?"

"पापाड. रातभर भिंतीकडंला ठेवल्याला. ही सैपाकघराची भिंत." दुसरा उचलला. कट्‌कन! "ही देवाच्या खोलीची. ऐकलंसा?"

फौजींनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली.

पलीकडून विहीणबाई म्हणाल्या, "ऐकलं, ऐकलं! वाळल्या बाई तुमच्या भिंती! घटाला मीच येतो तुमच्याकडं, मग तर झालं? आता ठेवू का फोन?"

आत्याबाईंनी तिसरा पापड फोनजवळ नेला.

"थांबा की. आजून माजघर ऱ्हायलंय!"