टोलमामांचे दोन रिकामे हूक

टोलमामांच्या हातात कुठलीही वस्तू द्या, ते आधी तिला टिचकी मारून बघायचे. चहाची बशी असो, पाण्याचा तांब्या असो, नाहीतर कुणाच्या सायकलचं मडगार्ड असो. टिचकी मारायची, कान तिरका करायचा आणि मग निकाल द्यायचा. शाळेतल्या माझ्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या जेवणाच्या डब्यावर बोट वाजवलं आणि म्हणाले, "बाई, झाकण बराबर मध्यमात हाय तुमचं. डबा मात्र बेसूर." मला वाटलं, हा माणूस माझ्या भाजीला नावं ठेवतोय. दोन दिवस मी बोलले नाही त्यांच्याशी.

परतूरच्या मुलींच्या शाळेत ते शिपाई होते आणि मी बालवाडीची बाई. मनमाडकडे जाणारी गाडी तेव्हा छोट्या लाइनीवरून चालायची, त्या काळातली ही गोष्ट. बाकीच्या शाळांत घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा टांगलेला असायचा. आमच्या व्हरांड्यात मात्र एक लाकडी चौकट होती आणि तिला आठ लोखंडी नळ्या टांगलेल्या, लांबीच्या उतरत्या क्रमानं. खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत, सगळे शुद्ध सूर. मामा आधी कापसाच्या जिनिंग गिरणीत फिटर होते. ती बंद पडली तेव्हा तिथली जाड नळी त्यांनी मागून घेतली, कापली, आणि भजनी मंडळाची पेटी शेजारी ठेवून कानशीनं घासत घासत एकेक सूर जुळवला. शाळा भरताना आणि सुटताना ते दोन हातोड्यांनी वाजवायचे. हातोड्यांना सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. सकाळची अख्खी प्रार्थना त्या नळ्यांवर वाजायची आणि तीनशे पोरी तिच्यावर गायच्या. रस्त्यानं जाणारा बैलगाडीवालासुद्धा कासरा ओढून थांबायचा.

मी बालवाडीसाठी हट्ट केला, तेव्हा त्यांनी उरलेल्या नळीतून मला पाच सुरांची छोटी चौकट करून दिली. मी म्हटलं, "मामा, पाचच? आणखी दोन घाला की." तर म्हणाले, "या पाचांत लेकराची काठी कुठं बी पडली तरी कानाला टोचत न्हाई. मध्यम अन् निषाद घातले की भांडणं सुरू." आणि खरंच, माझी शेंबडी पोरं कशीही बडवायची, तरी ऐकत बसावंसं वाटायचं. पण गाणी निवडायला मामांची परवानगी लागायची. मी एक बडबडगीत म्हणून दाखवलं, तर बोटांवर मोजून म्हणाले, "याला मध्यम लागून राह्यला. हे आठावाल्यांचं गाणं. पोरी पाचवीत गेल्यावर वाजवतील."

गाणं आधी ठरवायचं आणि मग वाद्य शोधायचं, ही आपली सगळ्यांची रीत. मामांची उलटी. आधी नळ्या मोजायच्या, मग त्यांच्यात बसेल ते गाणं. एकदा शाळेची सहल जांब समर्थला गेली होती. तिथं मंडपातल्या तीन घंटा त्यांनी एकेक करून वाजवून बघितल्या आणि मला शिकवल्यासारखं सांगितलं, "तिनात हाक होती, बाई. पाचात बडबडगीत होतं. आठात प्रार्थना होती."

"आणि दहा असल्या तर?"

"दहात निरोप बी देता येतो."

तेव्हा मला ते कळलं नाही. आमच्या व्हरांड्यातल्या मोठ्या चौकटीला दहा हूक होते, वरच्या बाजूचे दोन कायम रिकामे, हे मात्र मला ठाऊक होतं. मी समजत होते, सुताराच्या हातून जास्तीचे ठोकले गेले असतील.

मग आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, निवृत्त व्हायच्या आल्या. समारंभाचं गाणं मी ठरवलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण पुढंपुढं करायची हौस दांडगी. मोठ्या बाईंना आवडणारा एक अभंग होता, भैरवीतला. मामांनी नळ्यांवर वाजवायचा आणि पोरींनी म्हणायचा. मामांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"आठात भैरवी न्हाई, बाई. तिला चार सूर कोमल लागत्यात. आपले सगळे शुद्ध."

"मग दुसरी काही युक्ती?"

"हाय ना. तिसऱ्या नळीला सा म्हणायचं. तिथून वर चढलं की भैरवी आपोआप निघती. पण वरचा सा गाठायला दोन नळ्या कमी पडून राह्यल्या. त्या मिळाल्या की झालं."

त्यांनी मला सुतळीचे दोन तुकडे कापून दिले, दोन नळ्यांच्या लांबीचे. जाडी कळावी म्हणून एका तुकड्याला नळीच्या घेराएवढ्या अंतरावर गाठ. मी दर शनिवारी जालन्याला माहेरी जायची. जालन्यात लोखंडाला काय तोटा? भंगाराच्या कुठल्याही दुकानात मिळालं असतं.

पहिल्या शनिवारी मी समारंभासाठी साडी घेतली आणि त्यात वेळ गेला. दुसऱ्या शनिवारी दुकानाच्या दारापर्यंत गेले. आत चार-पाच पुरुष लोखंड तोलत उभे होते. मनात आलं, आपण बाईमाणूस, नवी साडी पिशवीत, आणि खांद्यावर गंजक्या नळ्या घेऊन गाडीत चढायचं? ओळखीचं कुणी भेटलं तर? तशीच परत फिरले. सोमवारी मामांना सांगितलं, "सगळा बाजार पालथा घातला, मामा. त्या जाडीची नळीच नाही."

आता आठ दिवस राहिले होते. मामा म्हणाले, "मंग दुसरं गाणं घ्या. आठात बसणारी लई हायत." पण मी मोठ्या बाईंच्या कानावर आधीच घातलं होतं आणि त्या खुश झाल्या होत्या. मी म्हटलं, "तुम्हीच सांगितलंत ना, घासून सूर उतरवता येतो? मग चार नळ्या घासून घ्या." त्यांनी सगळ्यात लांब नळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "नळी कापली की सूर चढतो, मधी घासली की उतरतो. उतरवीन मी. पण पातळ झालेलं लोखंड पुन्हा जाड होत न्हाई, बाई."

"नंतर बघू हो. मी आणते ना नळ्या, कुठूनही आणते."

तीन दिवस व्हरांड्यात कानस चालली. एकदा मी नळी धरायला बसले तर म्हणाले, "तुम्ही जा. साडीला गंज लागंल."

समारंभ उत्तम झाला. भैरवी वाजली तेव्हा मोठ्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. पाहुण्यांनी माझं कौतुक केलं, या बाईंची कल्पना म्हणून. मी मामांकडे बोट दाखवायला हवं होतं. दाखवलं नाही.

सोमवारी सकाळी प्रार्थनेला पोरी रांगेत उभ्या राहिल्या. मामांनी दोन्ही हातोड्या उचलल्या. पहिला सूर बरोबर आला, दुसऱ्याला पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या, तिसऱ्याला खुदकन हसल्या. इतक्या वर्षांची प्रार्थना, आणि ती रडक्या तोंडानं बाहेर पडत होती. मामांनी हातोड्या खाली ठेवल्या. एक परत उचलली आणि सगळ्यात लांब नळीवर एकच टोल दिला. त्या दिवसापासून आमची शाळाही इतर शाळांसारखी झाली, एका टोलाची.

नंतर त्यांनी नळ्यांची टोकं कापून सूर परत चढवायचा प्रयत्न केला. दोन जागेवर आले, पण आवाज बसका. निषादाची नळी मधोमध चिरली. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्याच उन्हाळ्यात ह्यांच्या नोकरीमुळे आमचं बिऱ्हाड जालन्याला आलं. मामा माझी ट्रंक घेऊन स्टेशनवर आले होते. गाडी हलताना म्हणाले, "नळ्यांचं जमलं तर बघा. जल्दी न्हाई." मी म्हटलं, "नक्की." जालन्यात आमच्या घरापासून भाजीला जायचा रस्ता भंगाराच्या दुकानांवरूनच होता. किती वर्षं मी त्या रस्त्यानं मेथी-पालक आणली असेल. सुतळीचे ते दोन तुकडे माझ्या सुईदोऱ्याच्या डब्यात होते. बटण लावायला डबा उघडला की दिसायचे. मी झाकण लावून टाकायची.

पुढं नातीला पेटी शिकवायला एक मास्तर यायचे. एके दिवशी तिला म्हणाले, "काळ्या पट्टीला हात लावायचा नाही. तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला सा म्हण आणि नुसती पांढरी वाजवत वर जा." पोरीनं बोटं चालवली, आणि माझ्या घरात भैरवी आली. मी शेंगा निवडत होते. आजवर कुठंतरी मी मनाची समजूत घालत होते, की मामांची ती युक्ती म्हणजे काम टाळायचं बोलणं होतं, दोन नळ्यांनी काय होणार होतं? पहिल्या आठ पांढऱ्या पट्ट्यांच्या पुढं किती लागतात, ते मी मोजलं. दोनच लागत होत्या.

तरी जायला दोन वर्षं गेली. परतूरला एका लग्नाला गेले, तेव्हा विचारत विचारत मामांच्या घरी पोचले. दार त्यांच्या सुनेनं उघडलं; जालन्याहून आले, एवढंच मी सांगितलं. मामा जाऊन तीन वर्षं झाली होती. शाळेत विजेची घंटा आली, तेव्हा त्यांनी ती चौकट घरी आणली होती, असं ती म्हणाली. ओसरीतच होती. नळ्या केव्हाच गेल्या होत्या. हुकांना टॉवेल, कंदील, दप्तर, मिरच्यांची माळ, असा सगळा संसार टांगलेला. शेवटचे दोन हूक तेवढे मोकळे.

"बसा ना आत्या. चहा ठेवते." सून म्हणाली.

हातातली पिशवी मी मोकळ्या हुकाला अडकवायला गेले, तर ती लगबगीनं पुढं आली. "तिथं नका बरं. ते दोन आम्ही तसेच ठिवलेत."

"का गं?"

"मामंजींनी कुनाला हात लावू दिला न्हाई कधी. म्हनायचे, जालन्याच्या एक बाई नळ्या आणून राह्यल्या, जागा पाहिजे. गेले त्याच्या आदल्या दिवशी बी म्हनले. तुमी जालन्याच्याच ना? वळखता का त्या बाईंना?"

मी म्हटलं, "नाही गं. जालना मोठं आहे."

तिनं चहा आणला. कपबशी हातात आल्यावर माझं बोट आपोआप बशीच्या कडेला लागलं, पण टिचकी मारवली नाही. चहा संपेपर्यंत मी पिशवी मांडीवरच धरून बसले.