बायकोच्या धुळ्यात एक संध्याकाळ

जळगावहून धुळं असं कितीसं लांब? एसटीनं दोन-सव्वादोन तास. तरी तीन वर्षांत मी तिथे एकदाच गेलो होतो, तेही वैशालीचं सामान पोहोचवायला. वैशाली माझी बायको. धुळ्याजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, धुळ्यात देवपूरला खोली घेऊन राहते आणि दर शनिवारी जळगावला घरी येते. मी इथे डाळमिलमध्ये सुपरवायझर. येणं-जाणं तिनं करायचं आणि वाट मी पाहायची, असा आमचा संसार.

गुरुवारी तिचा फोन आला. "उद्या अहिराणी गाण्यांचा कार्यक्रम आहे. दोन तिकिटं काढलीत. आधी बाहेर जेवू. या ना."

मी लगेच हो म्हणालो, पण गाण्यांसाठी नव्हे. जळगावला बदली मागायचा ऑनलाइन अर्ज भरायला शनिवार हा शेवटचा दिवस होता, आणि तिनं तो अजून भरला नव्हता. का, ते फोनवर धड सांगत नव्हती. तिच्या कागदांच्या झेरॉक्स पिशवीत टाकल्या, अर्धी रजा घेतली आणि शुक्रवारी दुपारी निघालो.

खिडकीची जागा मिळाली, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. पाळधी गेलं, एरंडोल गेलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. मी मात्र मनात वाक्यं जुळवत होतो: असं म्हणू, तसं म्हणू. पारोळ्याच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. सगळे खाली उतरले. मी रस्त्याच्या कडेनं येरझाऱ्या घालू लागलो, तसे लिंबाखाली उपरणं पसरून बसलेले एक आबा म्हणाले, "बसा ना भाऊ! फिरीसन काय गाडी लवकर चालू व्हनार शे?" (फेऱ्या मारून काय गाडी लवकर सुरू होणार आहे?)

बसलो. दोन मिनिटांनी पुन्हा उठलो. आबा हसले.

धुळ्यात उतरलो तेव्हा दिवस कलला होता. पांझरेचा पूल ओलांडल्यावर रिक्षावाल्यानं विचारलं, "देवपुरात कुठे?" मला सांगता येईना. बायकोचा पत्ता बायकोलाच फोन करून विचारावा लागला.

ती कोपऱ्यावर उभी होती. मोहरी रंगाची साडी नेसलेली. ही साडी मी कधी पाहिली नव्हती. "कधी घेतलीस?" म्हटलं, तर म्हणाली, "झालं वर्ष."

जेवायला तिच्या नेहमीच्या खानावळीत गेलो. गल्ल्यावरच्या अक्का तिला पाहताच म्हणाल्या, "या बाई! आज संगे पाहुना शे का?"

"पाहुना नई, मालक शेतस," वैशाली हसत म्हणाली.

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. आम्ही दोघंही जामनेरकडचे. आमच्याकडची बोली वेगळी. अहिराणी मला अर्धीमुर्धी कळते, बोलता तर मुळीच येत नाही. तिलाही येत नव्हती.

लालभडक तर्रीची शेवभाजी आली, कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), ठेचा, कांदा. मी पिशवीकडे हात नेला. "वैशाली, तो अर्ज..."

"आधी जेवा. निवेल."

घाईघाईत घास घेतला आणि जीभ भाजून घेतली. पुढची भाकरी चव न कळताच खाल्ली.

नाट्यगृह भरलेलं होतं. ढोलकी, डफ, पेटी, आणि मध्ये साठीच्या एक गायिका, डोक्यावर पदर, आवाज मात्र शेताच्या या बांधावरून त्या बांधापर्यंत जाईल असा. एक ओळ झाली की लोक हसत, वैशाली हसे, आणि मी आजूबाजूची तोंडं पाहत बसे. एका गाण्यात एक शेतकरीण नवऱ्याला विचारत होती, "बैलले इचारस, मोटरले इचारस, माले काबर नई इचारस?"

"काय म्हणते?" मी विचारलं.

वैशाली माझ्या कानाशी आली. "बैलाची चौकशी करतोस, मोटरीची करतोस, मला का नाही विचारत?"

ती पुन्हा गाण्यात रमली. मला मात्र खुर्ची टोचू लागली.

मध्यंतरात मागच्या रांगेतली एक बाई पुढे वाकली. शाळेतल्या एका मुलीची आई होती. "भाऊ, आम्हनी बाईले लई जाऊ नका बरं. मन्ही पोर आते वाचस." (आमच्या बाईंना घेऊन जाऊ नका. माझी मुलगी आता वाचते.)

मुलीची आई चहाला गेली. मी पिशवी पायाखाली सरकवली. "वैशाली, तुला यायचंय का जळगावला?"

"यायचंय. रोज घरी असावं असं वाटतं, तुमच्याशी भांडायलासुद्धा. पण पहिलीपासून हाताशी धरलेला वर्ग आहे. पुढल्या वर्षी चौथी होऊन बाहेर पडेल. तेवढं वर्ष मला द्या. फोनवर तुम्ही ऐकलं नसतं, म्हणून बोलावलं."

"आणि पुढल्या वर्षी बदली मिळालीच नाही तर?"

"तर नाही मिळणार."

मला राग आला. उठून बाहेर गेलो, नको असलेला चहा घेतला. शेवटच्या गाडीनं परत जावं, असंही मनात येऊन गेलं. आत ढोलकी सुरू झाली. परत आलो तर माझ्या खुर्चीवर तिनं आपली पर्स ठेवलेली. तिनं ती उचलून मांडीवर घेतली. मी बसलो. घड्याळ नंतरही पाहत होतो, पण अधूनमधून तिला विचारत होतो, "हे काय म्हणाली?" आणि ती सांगत होती.

सकाळी दोघंही स्टँडवर आलो. तिची खेड्याची गाडी आधी लागली. दारातच कुणीतरी ओरडलं, "बाई, आठे या!" (इथे या!) आणि तिला जागा करून दिली. खिडकीतून ती म्हणाली, "संध्याकाळी येते घरी."

"अर्ज राहू दे," मी म्हणालो. मनापासून म्हणालो की नाही, ते मलाही कळलं नाही. तिला बहुधा कळलं. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून माझी बोटं दाबली.

परतीच्या गाडीत फार चुळबुळ केली. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की वैशाली धुळ्यात दिवस काढते आहे. ती तिथे राहत होती. तिची खानावळ होती, तिची माणसं होती, नवी भाषा होती, आणि यातलं काही मी कधी विचारलं नव्हतं. वाईट वाटलं. अभिमानही वाटला, आणि त्याचं जरा आश्चर्यही.

जळगावला उतरून थेट आरक्षणाच्या खिडकीशी गेलो. पुढच्या शुक्रवारचं धुळ्याचं तिकीट मागितलं.

"परत कधी?" आतल्या माणसानं विचारलं.

"सोमवारी," मी म्हणालो. "पहिल्या गाडीनं."